एक रेघ कमी

ता. ३ जानेवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. आणि विनंती अशी, की हे पत्र पंपावर उभ्याने न वाचता घरी बसून वाच.

टाकी काढायला माणसं सोमवारी येणार हे कळल्यापासून मी तीनदा यादी केली आणि तीनदा फाडली. फोनवर सांगावं तर पंपावरच्या गोंगाटात तू अर्धं ऐकतेस आणि उरलेल्या अर्ध्यावर हसतेस. आमच्या कार्यालयाने यंदा छोट्या धंद्यांच्या जमिनीखालच्या जुन्या लोखंडी टाक्या काढायला घेतल्या आहेत. बेकऱ्या, लाँड्र्या, गॅरेजं आणि तुझ्यासारखे एका टाकीचे डिझेलपंप. टाकी गळकी निघाली तर खालची मातीही स्वच्छ करायची. ते काम माझंच, पण मी आपण होऊन साहेबांना सांगितलं की ही पंपवाली माझी सख्खी आत्या. ते म्हणाले, मग तिथे तू पाऊल ठेवायचं नाहीस. बरोबरच आहे, तरी घास गोड लागत नाही.

यादी सोबत आहे. त्यातलं मुख्य हे, की डिपच्या सगळ्या वह्या सोमवारी येणाऱ्या इंजिनीअरसाहेबांना दे. डिप म्हणजे आपलं तेच, काठी टाकीत सोडायची, तेल कुठवर चढलं ते बघायचं आणि लिहायचं. दहाव्या वर्षापर्यंत माझी शाळा म्हणजे ती काठी आणि तू. टाकी गळत असेल तर कधीपासून, हे त्या आकड्यांवरूनच समजतं.

तिथे कोणाला सिगारेट ओढू देऊ नकोस. आहे तो लोभ या यादीमुळे कमी होऊ नये.

तुझी,
मोजपट्टी


ता. ११ जानेवारी

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक टपली.

तुझ्या यादीत सतरा कलमं आणि सतरावं काय, तर यादी पुन्हा एकदा वाचणे! मी वाचली हो. टाकी निघाली. पहाटे उठून मी फरशी घासून ठेवली होती. इंजिनीअर मला विचारतो, मावशी, पाहुणे येणार आहेत का. मी म्हटलं, तुम्हीच की.

क्रेनने टाकी वर आली तेव्हा वरच्या अंगाला, जोडाजवळ, तिळाएवढं छिद्र दिसलं. त्याच्या खालची माती काळी, आणि वास असा की डोळ्यांत पाणी. अगं, जमिनीवर एक थेंब सांडला तर पुसणारी मी. कोणीतरी चारचौघांत थोबाडीत मारावी तसं झालं.

पण वह्यांनी लाज राखली. इंजिनीअरने एकेक पान उलटलं आणि म्हणाला, एवढी टापटीप आमच्या कार्यालयातही नाही. तू लिहायचीस तेव्हाचा रात्रीचा आकडा आणि सकाळचा आकडा, दीड वर्ष एकमेकांना धरून! म्हणजे टाकी तेव्हा गळत नव्हती. मग छिद्र नवं, गेल्या वर्षी रस्त्यावर रोलर फिरला त्याच्या धक्क्याने पडलेलं असणार, असं तो म्हणाला. नवं म्हणजे तेल लांब गेलेलं नाही. खड्ड्यातली माती काढली की झालं, भिंतीपलीकडे नर्सरीत खणायची गरज नाही. मी लगेच छाती पुढे काढून नर्सरीवालीला सांगून आले, तुझ्या विहिरीला धोका नाही. तिची रोपं आणि तिच्या घरची चार तोंडं त्याच विहिरीवर.

तुझ्या नवव्या वर्षीच्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. फ्रेम करून लाव. त्या आकड्यांकडे बोट दाखवून मी सगळ्यांना सांगितलं, ही आमची मुलगी.

आशीर्वाद आहेतच, यादीबिदी न करता घे.

तुझी आत्या


ता. १५ जानेवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. हे पत्र वाचताना तू बसलेली असावीस.

ती झेरॉक्स मी दिवसभर टेबलावर ठेवली. आत्या, त्यातले सकाळचे आकडे सगळेच खरे नाहीत. ते मी खोटे लिहिले.

टँकर येऊन टाकी काठोकाठ भरली, की दुसऱ्या सकाळी डिप एक रेघ कमी यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, रात्री झाकणाला कुलूप असतं, तेल काय चालत जाईल? काठी तिरपी धरली असशील, सरळ धर. मी सरळ धरली. तरी एक रेघ कमी. मला वाटलं माझा हातच वाकडा. तुझ्यापुढे पुन्हा चुकायची इतकी भीती होती, की अशा सकाळी मी रात्रीचाच आकडा उतरवायला लागले. म्हणजे चूक राहणार नाही, असं मला अगदी मनापासून वाटायचं. दीड वर्ष हेच. आणि रोज आकडे जुळतात म्हणून, मी शाळेसाठी परगावी गेल्यावर, सकाळचा डिप घेणं तू बंदच केलंस.

आता हे काम करते म्हणून कळतं: काठी तिरपी धरली तर तेल काठीवर जास्त चढतं, आकडा वाढतो. कमी कधीच येत नाही. माझा हात सरळ होता. छिद्र वरच्या अंगाला, म्हणून टाकी भरली की गळायचं, आणि पातळी उतरली की थांबायचं. पंधरा वर्षं.

पंधरा वर्षांत तेल भिंतीपलीकडे नक्की गेलं असेल. नर्सरीची जमीन आणि विहीर तपासल्याशिवाय खड्डा बुजवता कामा नये. हे सगळं लिहून मी आज सकाळी साहेबांच्या हातात दिलं. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस तर माझ्याने दिलं गेलं नसतं. नर्सरीवालीला पाणी पिऊ नको म्हणून आजच सांग. चारचौघांत तू ज्या पानाचं कौतुक सांगितलंस, ते असं निघालं.

रागावलीस तरी लिहीत जा.

मोजपट्टी


ता. २ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

पत्र आलं तशी उठले आणि भिंतीपलीकडे गेले. दारातूनच सांगितलं, माझं चुकलं, पाणी पिऊ नका.  तिने हातातली बादली ओतून दिली आणि विचारलं, आजवर प्यायलो त्याचं काय?  त्यांचं पिण्याचं पाणी तेव्हापासून मी माझ्या गाडीतून पोचवते. ती कॅन घ्यायची आणि दार लावून घ्यायची.

तुझ्याशी मात्र मी दोन दिवस मनातल्या मनात भांडले. वह्यांवर माझा किती जीव, तुला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी मुद्दाम काठी बादलीत तिरपी धरून पाहिली. आकडा वाढला. तीस वर्षं पंप चालवला आणि हे मला ठाऊक नव्हतं! नऊ वर्षांच्या पोरीने बरोबर मोजलं आणि मी तिला चूक शिकवली. तेव्हा त्या पानावर मला विचारशील तर सही माझी आहे.

भिंतीपलीकडे खणलं. काळी माती निघाली, विहिरीपासून नऊ पावलांवर थांबलेली. विहिरीचं पाणी दोनदा तपासलं, स्वच्छ. इंजिनीअर म्हणाला, आणखी दोन-तीन पावसाळे गेले असते तर सांगता आलं नसतं. पाण्याच्या तपासणीच्या कागदावर नर्सरीवालीने बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचलं, आणि मग पहिल्यांदा मला आत ये म्हणाली. पोटभर ओरडली. मीही ऐकून घेतलं, मला बरंच वाटलं.

आता काढलेली माती जाड प्लॅस्टिकवर पसरली आहे. तिच्यात नळ्या घालून हवा सोडतात, मग मातीतलेच बारीक जीव डिझेल खाऊन टाकतात म्हणे. दर आठवड्याला माती उलटायची. मी पण फावडं घेऊन जाते. इंजिनीअर म्हणतो, मावशी, तुमच्या मदतीने काम दुप्पट वेळ घेतं.

एक माफी आणखी मागायची होती. टाकी भरली की हिशेबात तेल कमी यायचं, तेव्हा मालच कमी देतो म्हणून ज्या टँकरवाल्याला मी पंधरा वर्षं चोर म्हणत आले, त्याला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, बाई, मला वाटायचं तुमचा स्वभावच तसा आहे. आता आम्हाला बोलायला विषय उरलेला नाही.

इंजिनीअरने विचारलं, स्वतःची चूक स्वतः कळवणारी ही मुलगी कोण? मी पुन्हा तेच सांगितलं, ही आमची मुलगी. या वेळी जरा मोठ्याने.

जेवत जा. आशीर्वाद पाठवायचे काही राहिलेले नाहीत, सगळे तुझ्याकडेच आहेत.

तुझी आत्या


ता. १९ जुलै

ती. स्व. आत्यास,
सा. न. तू काल बस गाठायला निघून गेलीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. तेवढ्यासाठी हे पत्र.

दोन्हीकडची माती शुद्ध झाल्याचा दाखला तुला मिळालाच आहे. पण साहेबांनी तुला टाकीवाल्यांच्या सभेत बोलायला बोलावलं, तेव्हा मी चार दिवस घाबरले होते. तू चाळीस माणसांसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, माझ्या वह्या फार सुंदर होत्या आणि खोट्या होत्या. मी मागे हजेरीचा कागद घेऊन बसले होते; माझ्या हातून दोन नावं चुकीच्या रकान्यात गेली. तू कुणाला उपदेश केला नाहीस. काठी बादलीत तिरपी धरून दाखवलीस, एवढंच. पहिल्या रांगेतला बेकरीवाला उठून बादलीत डोकावला, तेव्हा मला इतका अभिमान वाटला की मान वर करून बसले.

तू गेल्यावर लोक निघाले, पण तिघं दाराशी रेंगाळले. एकेक करून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, आमच्याकडेही कधीकधी सकाळचा आकडा रात्रीवरूनच उतरवतात. तिसरे होते ते कोपऱ्यावरचे लाँड्रीवाले, बॉयलरच्या टाकीचे. फार भित्रे गृहस्थ. म्हणाले, टाकी गळकी निघाली तर दुकान बंद करतील का? मी म्हटलं, माझ्या आत्याचा पंप चालू आहे, नवी टाकी बसवून.

आज सकाळी कार्यालय उघडायच्या आधी ते पायरीवर बसलेले, मांडीवर वही. मी पान उघडलं. काल रात्रीचा आकडा आणि त्याखाली आज सकाळचा, एक रेघ कमी. ठळक लिहिलेला, खाली स्वतःची सही. म्हणाले, रात्रीचाच उतरवणार होतो, पण खरा लिहिला.

अर्ध्या तासात आमची गाडी निघाली. त्यांच्या टाकीजवळच्या मातीचा पहिला नमुना मी घेतला.

तुझा लोभ मला पुरून उरतो. त्यातला थोडा त्यांच्यासाठीही ठेव.

तुझी,
मोजपट्टी