शिळ्या पेपरातली ताजी बातमी

ती. आत्यास, वाकून नमस्कार (पाय तिकडे आहेत, पण वाकले आहे). गुडघा कसा आहे? इकडे सगळे बरे.

तुम्हीच मला या वाचनालयात झाडलोटीला चिकटवलंत, म्हणून आधी तुम्हालाच कळवते. इथे एकशे बारा वर्षं रोज सकाळी नऊला पेपर मोठ्याने वाचतात. ज्यांना वाचता येत नाही, दिसत नाही, त्यांच्यासाठी. एक दिवस खाडा नाही. (एकदा छप्पर गळत होतं, तर वाचणाऱ्याच्या डोक्यावर छत्री धरली होती. ती छत्री अजून खुंटीला आहे. तिची धूळ मीच पुसते.) मंगळवारी ग्रंथपालबाईंचा घसा बसला आणि त्यांनी खुणेनं मला उभं केलं. मी शाळा का सोडली ते तुम्हाला माहितीये. तोंडी परीक्षेत स्वतःचं नाव विचारलं तरी माझी दातखीळ बसायची. पण समोर बावीस माणसं, घड्याळात नऊ. पळाले असते तर एकशे बारा वर्षं माझ्या पायी मोडली असती.

मान खाली घालून मेजावरचा पेपर उचलला आणि सुटले. नदीवरचा पूल वर्षअखेर होणार, नळाला दोन वेळ पाणी येणार, बटाटा महागला. सगळे माना डोलवत होते. रिटायर पोस्टमनकाका म्हणाले, "होऊ दे पूल. आपल्याला कुठे घाई आहे." मग पोहण्याच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव वाचलं, आणि पहिल्या बाकावरचे आंधळे शिंपीआजोबा काठी टेकत उभे राहिले. नाव त्यांचंच होतं.

तेव्हा कुठे मी पेपर नीट बघितला. पिवळा. प्रदर्शनासाठी काढून ठेवलेला, शेहेचाळीस वर्षांपूर्वीचा. म्हटलं, गेली नोकरी.

आजोबा म्हणाले, "पोरी, तेव्हा दिसायचं, पण वाचता येत नव्हतं. ही बातमी याच बाकावर ऐकली. वाचणाऱ्याने आडनाव चुकवलं होतं. तू बरोबर वाचलंस. परत वाच."

"आता आठवडाभर हेच ऐकायचं," पोस्टमनकाका म्हणाले. मी तीनदा वाचलं. बाईंनी फळ्यावर खडूनं लिहिलं: उद्यापासून हीच वाचेल. तारीख बघून.

तुमची भाची

ता. क. माझा शाळेचा दाखला तुमच्या ट्रंकेत आहे, तो पाठवा. बाहेरून दहावीला बसते. तोंडी असली तर असू दे. पण कुणाला बोलू नका, मला लाज वाटते.

ता. क. २ हे पत्र आज पेपरानंतर सगळ्यांना वाचून दाखवलं. गुडघ्याचं विचारायचं राहिलं होतं, ते आजोबांनी घालायला लावलं. दाखल्याची वाट आता बाई धरून तेवीस जण बघतायत.