पडद्यावर अडकलेला बारक्या

प्रिय बारक्या,

ताईचे भरभरून आशीर्वाद. (तू सेहेचाळीस वर्षांचा झालास आणि वजनाने माझ्या दुप्पट, तरी बारक्याच. नाव एकदा ठेवलं की ठेवलं.) प्रभूच्या कृपेने आम्ही बापलेक ठीक आहोत. बाबांचा डावा कान आता कायमच्या सुटीवर गेलाय आणि उजवा मर्जीप्रमाणे कामावर येतो. माझा गुडघा कुरकुरतो, पण मी त्याला विचारत नाही. तुझी तब्येत कशी आहे, बायकोची कंबर कशी आहे, लेकीची परीक्षा कशी गेली, सगळं सविस्तर कळव. फोन सोडून ताई पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी लोकांची बोलणी जोडून दिली, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे की अडचणीचं बोलणं आलं की माणूस फोन ठेवून देतो. पत्र ठेवलं तरी ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहतं. तेव्हा बस, पाणी पी आणि शेवटपर्यंत वाच. शेवटपर्यंत म्हणजे सहीच्या खालीसुद्धा.

तर कारण असं. तू मला तुझ्या गाण्याच्या व्हिडिओची लिंक पाठवलीस आणि खाली लिहिलंस की ताई, घरात फक्त तुला पाठवतोय, बाबांना दाखवू नकोस. मी बाबांना दाखवला नाही. मी तो चर्चमधल्या अख्ख्या मंडळीला दाखवला. बाबा मंडळीत होते, त्याला माझा इलाज नाही.

आता लगेच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. आधी मला सांग, बाबांनी बांधलेली चाल, बाबांनी लिहिलेले शब्द, ते तू आपल्या खोलीत बसून एकट्याने गाणार, नेटवर टाकणार, सगळं जग ऐकणार, आणि ज्याची चाल तो एकटाच ऐकणार नाही, हा कुठला न्याय? तुमचं भांडण झालं त्याला नऊ वर्षं झाली. तालमीत तू ती चाल भरधाव म्हटलीस, बाबांनी ऑर्गनवरचे हात उचलले आणि म्हणाले की हे गाणं आहे, बस पकडायची नाहीये. त्यावर तू म्हणालास की तुमच्या लयीत गायलं तर शेवटच्या कडव्यापर्यंत लोकांच्या दाढ्या वाढतील. एवढ्यावरून तू गायकवृंद सोडलास, मग गाव सोडलंस. तेव्हापासून तिकडून "त्यांना सांग" आणि इकडून "त्याला सांग" चालू आहे. मी निवृत्त झाले, पण तुम्हा दोघांचं एक्सचेंज अजून मीच चालवते, आणि त्याला पेन्शन नाही. बाबा एक्क्याऐंशीचे झाले. ही लाइन मला एकदाची थेट जोडून द्यायची होती, बाकी काही नाही.

हे कसं जमवलं ते कळायला तुला आमच्या पडद्याची रीत कळली पाहिजे. आपल्या चर्चमध्ये आवाज घुमतो, पाळकसाहेबांचा अर्धा उपदेश छतालाच ऐकू जातो. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी कमिटीकडून पडदा मंजूर करून घेतला आणि स्लाइडवर सगळं लिहायला लागले. "उभे राहावे." "बसावे." "एकत्र वाचावे." "दिवे मालवावेत" ही स्लाइड आपल्या किल्लीवाल्या मामांसाठी. (त्यांच्याकडे चर्चच्या सगळ्या किल्ल्या आणि सगळी बटणं असतात, आणि कानाचं म्हणशील तर ते बाबांचे सोबती.) मंडळी इतकी तयार झाली आहे की पडदा सांगेल ते करते. एकदा मी "बसावे"ची स्लाइड विसरले, तर उपदेश संपेपर्यंत सगळे उभे होते. मागच्या टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपमागे मी, हातात रिमोट. खरं सांगते, एक्सचेंजमध्येसुद्धा माझा एवढा वट नव्हता.

अडचण एकच होती. बाबा पडद्याकडे बघत नाहीत. ऑर्गन भिंतीकडे तोंड करून आहे, पडदा त्यांच्या पाठीमागे. पाळकसाहेब कधी उठतात, कधी बसतात हे कळायला त्यांनी ऑर्गनवर तो हातभर लांबीचा आरसा लावलाय ना, पडदा आल्यापासून त्यांनी तो मुद्दाम खाली वाकवून ठेवला होता. पाळकसाहेबांचे बूट दिसले तरी मला पुरतात, म्हणाले. मी शनिवारी ऑर्गन पुसायला गेले आणि पुसता पुसता आरसा वर केला. (पुसताना आरसा हलतो. कोणाचाही हलतो.) रविवारी संध्याकाळच्या उपासनेला बसल्यावर त्यांनी तो एकदा चाचपला, पण तेवढ्यात मी पहिल्या गीताची स्लाइड टाकली, त्यामुळे त्यांचे हात अडकले.

तयारीत काही म्हणजे काही कमी नव्हतं. नेट आपलं नाही, भिंतीपलीकडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. पण त्यांनी दवाखाना बंद असूनही ते चालू ठेवलं होतं. तू मागे मला बजावलं होतंस की ताई, व्हिडिओ आधी उतरवून घे, भर उपासनेत नेटवरून चालवू नकोस. ते मी कानामागे टाकलं, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. शनिवारी मी तीन वेळा चालवून पाहिला, लोण्यासारखा चालला. मग मला आणखी एक चांगली कल्पना सुचली. ज्यांना लांबून दिसत नाही त्यांना मोबाइलवर शब्द बघता यावेत, म्हणून मी स्वागताच्या स्लाइडवर नेटचा पासवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "सर्वांनी जोडून घ्यावे."

सर्वांनी जोडून घेतलं. एकशे बारा माणसं, बारक्या. चष्मे काढून, एकमेकांना आकडे वाचून दाखवून, अगदी मनोभावे. आणि महिनोन्‌महिने फुकटच्या नेटची वाट बघत पडलेले ते एकशे बारा मोबाइल खिशात आणि पर्समध्ये बसून जे काही ओढून घ्यायला लागले, त्याचा हिशेब देवालाच ठाऊक. सगळ्या गावाने एकदम रिसीव्हर उचलला की बोर्डाचं काय होतं हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण त्या वेळी डोळ्यांसमोर दुसरंच होतं.

पुढचं आता नीट क्रमाने ऐक. प्रश्नोत्तराची प्रार्थना झाली. त्यात पाळकसाहेब विचारतात आणि "होय, प्रभू" ही स्लाइड आली की मंडळी एका आवाजात उत्तर देते. मग "दिवे मालवावेत," मामांनी मालवले, मी तुझा व्हिडिओ दाबला. आणि तुझ्या आधी गादीची जाहिरात आली. शनिवारी तिन्ही वेळा आली नव्हती. अंधारात एक भारदस्त पुरुषी आवाज म्हणाला, "सकाळी उठल्यावर तुमची पाठ दुखते का?" मंडळी म्हणाली, "होय, प्रभू." तो म्हणाला, "रात्रभर कूस बदलून थकलात का?" मंडळी आणखी मोठ्याने म्हणाली, "होय, प्रभू." पाळकसाहेब तिसऱ्या प्रश्नाला उठून उभे राहिले, पण उत्तर येऊन गेलं होतं. (मला विचारशील तर इतकं खरं उत्तर मंडळीने आजवर कुठल्याच प्रश्नाला दिलं नव्हतं.)

जाहिरात कधी अडकत नाही. ती संपली आणि अडकायला सुरुवात झाली. काळा पडदा आणि त्यावर ते गोल फिरणारं चक्र. मी रिमोट दाबला, लॅपटॉप दाबला, स्वतःचं कपाळ दाबलं. पण मंडळीने ते चक्र पाहिलं, ही काहीतरी नवीन स्लाइड आहे असं धरलं, आणि सगळ्यांनी माना खाली घालून मूक प्रार्थना सुरू केली. चार मिनिटं, बारक्या. कोणी खोकलंसुद्धा नाही. दोन जणी रडल्या. नंतर कमिटीचे अध्यक्ष मला म्हणाले की अशी शांतता आपल्या चर्चमध्ये आजवर झाली नव्हती, आणि मी म्हटलं, ठरवूनच केलं.

मग तू आलास. हे एवढं मोठं तोंड, कपाळावर लाइट पडलेला, खाली तू टाइप केलेले शब्द. "दिवस" म्हणालास आणि थांबलास. उघड्या तोंडाने थांबलास. मागून मला आरशात बाबांचे डोळे दिसत होते. पहिल्यांदा ते आरसा खाली करायला हात पुढे करतील असं वाटलं, आणि हात पुढे झालाही, पण तो आरशाकडे न जाता ऑर्गनवर गेला. त्यांनी तुझा सूर धरला आणि धरून ठेवला. "सरला," म्हणालास, पुन्हा अडकलास. बाबांनी सूर बदलला आणि पुन्हा धरला. "दिवा," म्हणालास आणि मग काही केल्या पुढे जाईनास. चक्र फिरतंय, तू आ वासून बसलायस, ऑर्गनचा एकच सूर चर्चभर भरून राहिलाय, आणि बाबा आरशातून तुझ्याकडे बघतायत. असं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. मला घड्याळ दिसत नव्हतं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं.

शेवटी त्यांनीच तो शब्द म्हटला. "लाव." त्या फाटक्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तू गेल्यापासून ते गायले नव्हते. किल्लीवाले मामा बिचारे मघापासून पडद्यावरची "दिवस सरला, दिवा लाव" ही ओळ वाचून, ही आपल्यासाठी आहे की गाण्यातली, या पेचात बटणाला हात लावून उभे होते. ऑर्गनकडूनच हुकूम आला म्हटल्यावर त्यांनी सगळे दिवे एकदम लावले, अगदी वऱ्हांड्यातलेसुद्धा. उजेडात तू पडद्यावर फिकट झालास. पण बाबा वाजवत पुढे गेले होते. मंडळी उभी राहिली, आणि उभे राहावे अशी स्लाइड मी टाकलेली नव्हती. चारही कडवी झाली, त्यांच्याच लयीत. दाढ्या वाढल्या असतील, पण कोणी हात लावून पाहिलं नाही.

घरी जेवताना बाबांनी आधी आमटी वाढून घेतली. मग म्हणाले, "आत्ता कुठे थांबायला शिकला." मी घास तसाच ठेवला. तुमच्या भांडणाचं मूळच ते की तू ओळीच्या शेवटी थांबत नाहीस. आता ते खूश होते की तू शब्दाशब्दाला थांबतोस. मी काय सांगणार, की तू नाही थांबलास, नेट थांबलं? मी म्हटलं, हो, फार मेहनत घेतलीय त्याने. मग त्यांनी विचारलं की भांग दुसऱ्या बाजूला पाडायला लागला का तो? मी त्यालाही हो म्हटलं. एकंदरीत मोहीम फत्ते झाली. कमिटीनेही माझं कौतुक केलं, डॉक्टरीणबाईंनी पासवर्ड बदलला, पण बोलल्या गोड.

बायकोला आणि लेकीला आशीर्वाद. सगळ्यांची काळजी घे, स्वतःची जास्त.

तुझी,
ताई

ता. क. आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी संध्याकाळची उपासना आहे. तू येतोयस. हे गाणं तू स्वतः उभं राहून म्हणणार आहेस आणि बाबा वाजवणार आहेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही, ते माझ्यावर सोड. तू एवढंच कर की आजपासून सराव सुरू कर. एक शब्द म्हणायचा, थांबायचं, मनात सात आकडे मोजायचे, मग दुसरा. "दिवा" झाल्यावर वीस मोज. आणि येताना भांग बदलून ये. नेटचं नाव बाबांसमोर काढलंस तर माझ्याशी गाठ आहे.

ता. क. २. कमिटीने माझं कौतुक केलं असं वर लिहिलंय, ते खरंच आहे. कौतुक केलं, आभार मानले आणि रिमोट मागून घेतला. तूर्त मी घंटेकडे आहे. तिथेही काही सुधारणा सुचतायत. पाकिटाला लावायचा डिंक सापडत नाहीये, म्हणून बाबांकडे देते. ते फिरायला जाताना चिकटवून टाकतील. दुसऱ्याचं पत्र ते कधी वाचत नाहीत.

ता. क. ३. हे अक्षर तुझ्या बापाचं. पाकीट उघडं होतं, वाचलं. तुझी ताई समजते तेवढा मी बहिरा नाही. नेट अडकलं होतं हे मला पहिल्याच शब्दाला कळलं. नऊ वर्षं थांबलो होतो, एका शब्दासाठी आणखी थोडं थांबलो, एवढंच. आकडे मोजत बसू नकोस. तुला हवं तसं गा, मी मागून येईन. आणि भांगाला हात लावू नकोस. साठ वर्षं आरसा वापरतोय, त्यात माणूस उलटा दिसतो हे मला माहीत आहे. म्हणून तुला थेट लिहितोय. ये, एकदा सरळ बघू दे.