सावंतांच्या बायकोचा प्रश्न

१५ ऑक्टोबर २०१४, बुधवार. बिशान, सिंगापूर

घरी आल्यापासून नुसत्या येरझारा घालतोय.

आमच्या कंपनीच्या जहाजावर लायबेरियाला मदत म्हणून पाठवलेले रेडिओ आहेत. तिथल्या यादवीत एकमेकांवर उठलेल्या गावांच्या समेटाच्या बैठका इबोलाच्या साथीने बंद पाडल्या. निदान रेडिओवरून तरी बोलणं चालू राहावं, एवढाच हेतू. पण साथीच्या भीतीने खलाशी तिथल्या बंदरात शिरायला तयार नव्हते. हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून मी तासभर फोनवर समजावलं. शेवटी कॅप्टन सावंत म्हणाले, "जातो. पण माझ्या बायकोला तुम्ही सांगा."

सांगितलं. तिने विचारलं, "तुम्ही गेला असतात?"

खोटं बोलवेना. "नाही," म्हणालो.

खरं सांगून मी बरोबर केलं का?

मग म्हणाली, "आता ते परत येईपर्यंत रोज मला फोन करायचा. तुम्ही स्वतः."

हो म्हटलं.