जोल्दोश यांची खारी टाकी आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, क्लारा सेर्गेयेव्ना युगाय, कै. जोल्दोश एसेनगुलोव यांची पत्नी, वय बाहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या घडवणे (सध्या बंद), राहणार बिश्केक, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा दाखला दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. हृदयाबद्दल मात्र त्यांनी तसे काही लिहून दिले नाही, म्हणूनच हे लिखाण लांबणीवर टाकत नाही. कोणी मला धाक घातलेला नाही. मला धाक घालील असे माणूस आमच्या इमारतीत अजून राहायला आलेले नाही.

कलम पहिले. दुसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर माझ्या एकटीच्या कमाईचे आहे. ते माझ्या पश्चात माझी भाची इन्ना हिला मिळावे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. फक्त पुढच्या खोलीच्या छतावर जो मोठा पिवळट डाग आहे, तो रंगाखाली दडवून गिऱ्हाइकाला फसवू नये. डाग जुना आहे, कोरडा आहे आणि पुन्हा कधीही ओला होणार नाही. या शेवटच्या वाक्याची हमी मी देते. ती कशाच्या जोरावर देते, ते पुढे लिहिते.

कलम दुसरे, डागाविषयी. ज्या हिवाळ्यात वीज वेळापत्रकाने जायची, त्या हिवाळ्यातली गोष्ट. जोल्दोश माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहत. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन गेलेली. लिफ्ट दुरुस्त करण्याचे काम करीत. जिन्यात भेटलो की नमस्कार, यापलीकडे ओळख नव्हती. एका दुपारी मी दवाखान्यातून घरी आले, तर छत गळत होते आणि ते नेमके माझ्या कामाच्या टेबलावर गळत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा भिजून लापशी झाला होता. ओठांवर थेंब पडला म्हणून जीभ फिरवली, तर पाणी खारट. तो लिबलिबीत जबडा तळहातावर घेऊन मी तशीच वर गेले.

दार उघडले तेव्हा त्यांच्या हातात फडके होते आणि पँट गुडघ्यापर्यंत ओली होती.

"एजे, घाबरू नका, पाणी स्वच्छ आहे," ते म्हणाले. इकडे ताईला एजे म्हणतात.

"मी चाखून आलेय. खारट आहे."

"हो, म्हणजे, समुद्राचं आहे ना."

समुद्र नसलेल्या बिश्केकमध्ये हे उत्तर मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांना बाजूला सारून आत पाहिले. शिलाईयंत्राच्या टेबलाएवढी एक काचेची टाकी होती. तिच्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे, एक लाल कोळंबी आणि खडकावर उमललेले तपकिरी प्रवाळ. लोकांना वाटते मी माशांवर भाळले. तसे नाही. माझ्या कोरियन आजी-आजोबांना अतिपूर्वेच्या समुद्रकिनाऱ्यावरून उचलून आगगाडीने इकडच्या गवताळ मुलखात आणून टाकले, तेव्हापासून आमच्या घरात समुद्र हा फक्त बोलण्याचा विषय. मी तो कधी पाहिलेला नव्हता. म्हणून चार घटका उभी राहिले, एवढेच. जोल्दोश तरुणपणी आरमारात होते. तिथला समुद्र त्यांच्या मनातून गेला नाही, म्हणून मीठ विकत आणून, पाण्यात कालवून, वर्षानुवर्षे त्यांनी तो घरी जगवला होता.

झाले होते ते असे. लहान टाकीत घाण लवकर साचते, प्रवाळ मिटू लागले होते. म्हणून त्यांनी खालच्या कपाटात दुसरी टाकी बसवली. वरचे पाणी खाली यावे, तिथे निवळावे आणि पंपाने परत वर जावे, अशी योजना. पाणी खाली आणायला त्यांनी काठावरून एक वाकडी नळी टाकली होती. ती पाणी ओढून घ्यायची. वीज गेली, पंप थांबला, नळीत हवा शिरली आणि ओढ तुटली. वीज आली तसा पंप पाणी वर चढवू लागला, पण खाली उतरायची वाट बंद. खालची अख्खी टाकी वर चढली आणि वरून माझ्याकडे आली.

त्यांनी एकही सबब सांगितली नाही. विजेला दोष दिला नाही, नळीलाही नाही. माझ्या हातातला तो जबडा पाहून एवढेच विचारले, की हे गृहस्थ राहतात कुठे. मग त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आले, आणि नवी कवळी तयार होईपर्यंत त्या दात नसलेल्या म्हाताऱ्याला रोज डब्यातून पातळ शोर्पो, म्हणजे मटणाचा रस्सा, नेऊन देत राहिले. ही गोष्ट मला त्या म्हाताऱ्यानेच सांगितली. माझ्या मनात त्या माणसाविषयी जो आदर बसला तो तिथून बसला, मासे पाहून नव्हे.

मग मीच एक दिवस वर गेले. सांगितले, की ओढून नेणारी नळी काढून टाका, धरणाला असतो तसा सांडवा करू. पाणी काठाशी आले की त्याने आपणहून सांडले पाहिजे. वीज गेली तर सांडणे थांबेल, आली तर पुन्हा सुरू होईल, कोणी घरात असो वा नसो.

"म्हणजे काचेला भोक पाडायचं," ते म्हणाले.

"हिऱ्याची टोकं आहेत माझ्याकडे. त्याहून कठीण गोष्टी कोरल्यात मी."

"आणि काच तडकली तर?"

"तर खालचं छत माझंच आहे."

मासे आणि खडक बादल्यांत हलवले. एक पूर्ण दुपार आम्ही त्या रिकाम्या टाकीशी बसलो. मी यंत्र धरले, ते चहाच्या किटलीने टोकावर पाण्याची बारीक धार धरत होते. घाई केली तर काच जाते. काचेची वाटोळी चकती सुटून बाहेर पडली, तरी किटली रिकामी होईपर्यंत ते धार धरूनच होते. मी म्हटले, "बाइके, झालं," (बाइके म्हणजे दादा) तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

सांडव्याच्या तोंडाशी मासे ओढले जाऊ नयेत म्हणून फणी लागते. ती मी कवळीच्या गुलाबी मसाल्यातून ओतली आणि एकेक दात कानशीने घासून काढला. जोल्दोश म्हणाले, टाकीला हिरड्या फुटल्या. हसा, पण तीस वर्षांच्या धंद्यात माझ्या हातून इतके सरळ दात दुसरे झाले नाहीत. खालच्या टाकीतल्या आडभिंती, मुख्य नळी तुंबलीच तर पाणी जावे म्हणून थोडी उंचावर ठेवलेली दुसरी कोरडी नळी, आणि वर जाणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीलगत पाडलेले बारीक भोक, हे सगळे त्यांच्या डोक्यातले. पंप थांबला की त्या भोकातून हवा शिरते आणि पाणी उलटे वाहायचे थांबते. मला हे सुचले नसते. सुरुवातीला सांडवा फार आवाज करी. घरसमितीच्या प्रमुख तमारा बाई वर येऊन म्हणाल्या, तुमच्याकडे दिवसभर कोणीतरी फुरके मारत सूप पितं. जोल्दोशनी नळीला एक कोपर बसवले आणि सूप संपले.

खरी परीक्षा आम्ही नसताना झाली. आम्ही दोघे ओश बाजाराला गेलो होतो, ते जर्दाळू घ्यायला आणि मी गाजरे घ्यायला. परतलो तर अंगणात तमारा बाई म्हणाल्या, सकाळपासून वीज जातेय, येतेय, जातेय. जोल्दोश जिना चढले, पण कुलूप उघडेनात. किल्ली माझ्या हातात दिली. मी दार उघडले. सांडवा वाहत होता, मासे आपल्या जागी होते. जोल्दोश कोटासकट गुडघ्यांवर बसले आणि गालिच्यावरून, मग गालिच्याखालून, हात फिरवत पार भिंतीपर्यंत गेले.

"कोरडं आहे," ते म्हणाले. "सगळं कोरडं आहे."

मी गाजरे ओट्यावर ठेवली. ते उठले नव्हते. तिथूनच म्हणाले, "क्लारा एजे, आपण दोघांनी मिळून केलेली वस्तू गळत नाही. लग्न करू या का?"

मी म्हटले, आधी उठा. ते उठले. मग मी हो म्हटले.

कलम तिसरे. माझी हत्यारे, म्हणजे यंत्र, कानशी, पक्कडी, मेणाचा दिवा, मी जिथे काम केले त्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेला द्यावीत. हिऱ्याचे जे टोक काचेसाठी वापरले ते द्यायचे नाही. ते टाकीसोबत राहील.

कलम चौथे. माझा भाऊ विस्सारिओन याने लग्नाला येण्याचे नाकारले, वर असे म्हणाला की म्हातारपणी मासे धुवायला मिळाले. आईचे लोणच्याचे मातीचे रांजणही तोच घेऊन कोरियाला गेला. त्याला मी काहीही ठेवत नाही. रांजण त्याने ठेवून घ्यावे. त्यात घातलेली कोबी त्याला आईसारखी साधत नाही हे मला इन्नाकडून कळले आहे, आणि तेवढ्याने माझे समाधान आहे.

कलम पाचवे, तिसऱ्या मजल्याविषयी. ते घर जोल्दोश यांनी त्यांची मुलगी बुरुल हिच्या नावे केले असून माझ्याकडे हयातीपुरती वहिवाट आहे. स्वयंपाकघराच्या फडताळातले निळ्या काठाचे ताट तिच्या आईचे आहे. ते माझे कधीच नव्हते, मी त्यात जेवले नाही आणि ते तिथून हलवलेही नाही. माझ्या मालमत्तेत ते धरू नये.

बुरुल आमच्या लग्नालाही आली नव्हती. आपल्या किर्गिझ माणसांत बायका संपल्या का, असे तिने वडिलांना विचारले होते. ते मला त्यांनीच सांगितले, कारण त्यांना काही लपवता येत नसे. मी रागावले नाही. तिला माझ्याशी भांडण नव्हते, आईची जागा भरली जाण्याशी होते.

जोल्दोश वसंतात गेले, हृदयविकाराने. रिवाजाप्रमाणे अंगणात राहुटी उभी राहिली, बायका आत बसून शोकगीते म्हणू लागल्या. बुरुल राहुटीच्या दाराशी होती. तिने मला अडवले नाही, पण सरकून जागाही दिली नाही. मी जिना चढून वर आले. टाकीतले पाणी रोज थोडे उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून रोज तेवढे गोडे पाणी खालच्या टाकीत घालावे लागते, नाहीतर खारटपणा वाढत जातो. त्या दिवशी ते कोणी घातले नव्हते. मी कपाट उघडून बसले आणि तांब्याने पाणी घालू लागले. तेवढ्यात बुरुल चहाचे वाडगे न्यायला वर आली.

"खाली सगळे रडताहेत," ती म्हणाली. "तुम्हाला रडायलाही येत नाही?"

"एवढं पाणी भरून झालं की रडते."

तिने कपाटात वाकून पाहिले. मग विचारले, हे रोज करावे लागते का. मी म्हटले, रोज, त्यांनी एकही दिवस चुकवला नाही, तुझ्या आईच्या आजारपणातही नाही. तिच्या आईच्या पलंगासमोरच तेव्हा ही टाकी होती, हेही त्यांनी मला सांगितले होते. बुरुलने पदराने, म्हणजे डोईच्या रुमालाच्या टोकाने, तोंड पुसले, माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "द्या इकडे तो तांब्या." उरलेले पाणी तिने भरले. मग आम्ही दोघी तिथेच, कपाटासमोर बसून, रडलो. वाडगे खाली उशिराने गेले. नंतर ती मला हाताला धरून राहुटीत घेऊन गेली.

तेव्हापासून ती दर रविवारी येते. मला एजे म्हणते. मी त्याहून अधिक काही अपेक्षिले नाही.

सबब टाकी, खालची टाकी, पंप, दोन्ही मासे, कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ व मिठाची पोती बुरुल जोल्दोश किझी हिला मिळावीत. तिला सगळे येते, तरी लिहून ठेवते. खालच्या टाकीवरच्या लाल रेघेच्या वर पाणी भरू नये, कारण पंप थांबला की वरचे पाणी उतरते आणि त्याला जागा लागते. बारीक भोकात शेवाळ धरते, ते दात कोरायच्या काडीने साफ करावे. कोरड्या नळीतून पाणी पडल्याचा आवाज आला तर मुख्य नळीत गोगलगाय अडकली आहे असे समजावे. फणीचा दात तुटल्यास बाजारातली फणी आणू नये, तिला मी ओतायला शिकवले आहे.

कलम सहावे. बँकेत जे आहे त्यातून माझा अंत्यविधी व्हावा. कुक्सी, म्हणजे आमच्या रश्शातल्या शेवया, भरपूर करावी, रस्सा थंडगार असावा, आणि तमारा बाईंना दुसऱ्यांदा विचारावे, त्या पहिल्यांदा नाही म्हणतात.

कलम सातवे, दफनाविषयी. जोल्दोश कोचकोरजवळच्या त्यांच्या गावी, आपल्या माणसांत पुरलेले आहेत. मी त्यांच्या धर्माची नाही, त्यामुळे तिथे मला जागा नाही हे मी धरूनच चालले होते आणि शहरातल्या कोरियन दफनभूमीत सोय पाहिली होती. बुरुल मला न सांगता गावी गेली. पांढऱ्या दाढ्यांची माणसे तिचे ऐकत बसली. त्यांनी दफनभूमीच्या आत जागा दिली नाही. तिने भांडण केले नाही, पण ती उठलीही नाही. शेवटी कुंपणाला बाहेरून लागून असलेली, जोल्दोश यांच्या ओळीच्या सरळ रेषेतली पट्टी त्यांनी द्यायचे कबूल केले. गेल्या रविवारी ती आली, कोट न काढताच माझ्यासमोर बसली आणि हे सगळे सांगितले. मी उठून तिला चहा ओतू लागले, तेव्हा तिला वाटले मला वाईट वाटले.

"मी स्वतः बघून आले, एजे," ती म्हणाली. "कुंपण तारेचं आहे. भिंत नाही."

मला तिथेच पुरावे.

हे मृत्युपत्र मी लिहिले, वाचले आणि साक्षीदारांसमोर सही केली.

क्लारा सेर्गेयेव्ना युगाय (सही)

साक्षीदार:
१. तमारा इल्यिनिच्ना गोर्देयेवा, घरसमिती प्रमुख (सही)
२. डॉ. आल्तिनाय शेरालीएवा, दवाखान्याच्या डॉक्टर (सही)

बिश्केक, तारीख अकरा एप्रिल दोन हजार तेवीस.