धुराची नोट

४ जानेवारी, रविवार
चॅनल सुरू. नाव 'माल्ट विथ मंथन'. अख्ख्या बेळगावात सिंगल माल्ट व्हिस्कीचे रिव्ह्यू करणारा दुसरा कुणी नाही, म्हणजे आत्ताच नंबर एक. पहिला व्हिडिओ आमच्या वडगावच्या घरात माळ्यावर केला. खाली आप्पांचा माग खडाखड चालू, त्यामुळे माझं बोलणं ऐकूच येत नाही. तरी चार लाइक. त्यातला एक माझा.
संकल्प: रोज नाकाचा रियाज. वर्षाअखेर स्कॉटलंड.

६ जानेवारी
ज्योतिबानं गोव्याहून बाटली आणली, काजूच्या पिशव्यांखाली लपवून. खरा मित्र. वेबसाइटवर वासाच्या नोट्स लिहिल्यात: व्हॅनिला, पेअर, ओली लोकर. मला इंजेक्शनच्या आधी लावतात त्या स्पिरिटचा वास आला. रिव्ह्यूत 'ओली लोकर, एकदम क्लिअर' म्हणालो. नाक डेव्हलप होतंय. प्रोसेस असते.
आई जिन्यात उभी राहून बघत होती. दारूबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "पितोस तर पी बाबा. कुत्र्यागत हुंगतोस काय?"

९ जानेवारी
रियाज. डोळ्यांना टॉवेल बांधून स्वयंपाकघरातले डबे ओळखले. जिऱ्याला ओवा म्हणालो, ओव्याला बडीशेप. शेवटी आईनं हिंग नाकापुढं धरला. मी म्हटलं, डबा रिकामा आहे. ती आप्पांना म्हणाली, ह्याला एकदा डॉक्टरला दावा.
आपले मसाले लई ओव्हरपॉवरिंग. प्रोफेशनल नाक थकतं त्यानं.

१३ जानेवारी
रियाज नाही. नाकाला रेस्ट.
आप्पांना निपाणीच्या एका दुकानाची लग्नाच्या साड्यांची ऑर्डर मिळालीय. कधी नव्हे ते शीळ घालत होते. आमचे पूर्वी दोन माग होते. एक माझ्या इंग्लिश मीडियमपायी विकला. हा राहिलाय तेवढाच. मागाजवळ बसून जरा शीक म्हणाले. मी सांगितलं, चॅनल चाललं की ऑटोमॅटिक माग घेऊन देतो. "बरं," म्हणाले, आणि पुन्हा शीळ.

१७ जानेवारी, शनिवार
नवी बाटली! स्कॉटलंडच्या आयला बेटावरची. (घरात मोठ्यानं म्हणता येत नाही.) ही म्हणे धुराच्या वासाची राणी. उद्या लाइव्ह. वेबसाइट न वाचता, फक्त नाकावर.
उद्या आई आक्काकडे खानापूरला. आप्पा नमुन्याच्या दोन साड्या घेऊन निपाणीला. ऑर्डरीची घाई, म्हणून माग बंद ठेवायचा नाही. मला बजावून सांगितलं, "जवळच बस. मोटर जुनी हाय. करपल्याचा वास आला की खटका पाड. दुसरं काय बी करू नको."
मी म्हटलं, आप्पा, वास हा माझा सब्जेक्ट आहे.

१८ जानेवारी, रविवार, दुपारी
हिस्टॉरिक. लाइव्ह संपला, विसरायच्या आत लिहितोय.
आवाजासाठी माळ्याचं दार लावून घेतलं. मागाजवळ बसल्यासारखंच, फक्त एक मजला वर. ग्लास फिरवला, नाक घातलं आणि धूर! खरा धूर! आयुष्यातली पहिली नोट जी मी कुठं वाचली नव्हती. जळका कापूस, रबर, मागनं थोडं डांबर. ग्लास खाली ठेवला तरी जाईना. एवढं लाँग फिनिश कुणाच्याच रिव्ह्यूत नाही. डोळ्यांतून पाणी आलं. आनंदाचं असणार.
मधेच मागाचा आवाज आपोआप थांबला. ऑडिओ एक नंबर.
साईराज नावाच्या कुणीतरी लिहिलं, पाठीमागं धूर दिसतोय. मी समजावलं, धूर बघायचा नसतो, हुंगायचा असतो. मग सगळेच सुरू झाले, खाली जा, खाली जा. ट्रोल. ब्लॉक केले.
खाली कुणीतरी दार बडवतंय. फॅन लोक घरापर्यंत यायला लागले.

२० जानेवारी
फॅन नव्हता. शेजारचा यल्लाप्पा होता. दार फोडून वर आला आणि मला खांद्यावर टाकून खाली नेलं.
माग गेला. ताणा गेला, कपाटातल्या तयार साड्या गेल्या. निपाणीवाल्यानं ऑर्डर दुसऱ्याला दिली.
टेक्निकली बघितलं तर माझं नाक बरोबर होतं. फक्त सोर्स चुकला. हे आप्पांना नीट समजावून सांगितलं. ते मागाचा काळा सांगाडा फडक्यानं पुसत होते. पुसतच राहिले.

२३ जानेवारी
व्हायरल! कुणीतरी माझा लाइव्ह कापून टाकलाय. मी 'फिनिश लाँग आहे' म्हणतो आणि पाठीमागं दाराच्या फटीतून धूर. अख्खा वडगाव बघतोय.
मच्छे गावच्या एका कारखान्यातून फोन, सेफ्टी ट्रेनिंगला या. गेस्ट म्हणून ब्लेझर घातला. त्यांनी क्लिप दाखवली, मग मला उभं केलं. साहेब कामगारांना म्हणाले, नीट बघून घ्या. टाळ्या पडल्या. बिस्किटं मिळाली. एक्स्पोजर हेच.

२७ जानेवारी
आप्पा आजपासून यल्लाप्पाच्या मागावर, मजुरीनं. आई म्हणाली, ह्यालाबी न्या हाताखाली. मी लगेच हो म्हटलं. त्यांच्या माळ्यावर उजेड चांगला आहे.
यल्लाप्पानं विचारलं, पोराला कुठं बसवू. आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.
"भाईर बसव. मागाजवळ नको."
पायरीवर बसलोय. यल्लाप्पाच्या बायकोनं, जयाबाईनं, वाळत घातलेले पापड राखायला दिलेत.
दोन पापड कावळ्यानं नेले.