तीन देश आणि एक इलॅस्टिकची चादर

तीर्थस्वरूप ताईस,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचं घोरणं कमी झालं की तुलाच सवय झाली?

मी खुशाल आहे असं म्हणायचं होतं, पण झालं काय, की आमच्या हॉटेलच्या साहेबांनी मला कंपनीच्या तीन देशांतल्या लाँड्र्या बघायला पाठवलं. नव्या माणसांना कुठे कसं शिकवतात, त्याची तुलना करून आण म्हणाले. (मीच का? बाकीच्यांना कामं होती.) पहिल्या देशात चादरीला हात लावण्याआधी अकरा दिवस चादरीवर व्याख्यानं आणि शेवटी लेखी परीक्षा. मी काठावर पास. दुसऱ्या देशात एका म्हाताऱ्या धोबिणीने माझ्यापुढे ढीग टाकला, "बघ आणि कर" म्हणाली, आणि मी घातलेली प्रत्येक घडी एक अक्षर न बोलता मोडत बसली. (सासूबाई बऱ्या, निदान बोलतात तरी.) तिसऱ्या देशात सगळे गोल करून बसले आणि चादरीबद्दल मनात काय भीती आहे ते सांगू लागले. टाळ्या खूप झाल्या, घडी एकही झाली नाही.

परत आले तर साहेबांनी चाळीस नवी माणसं बसवलेली. "कोणती पद्धत उत्तम?" मी ठोकून दिलं, "तिन्हींचं मिश्रण." "मग करून दाखवा," म्हणाले, आणि हातात दिली ती नेमकी चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली चादर. दोन कोपरे जुळवले, तिसरा निसटला, चौथा शोधता शोधता मी डोक्यासकट आत. मागून एक पोरगी अगदी मनापासून म्हणाली, "मॅडम, घडी आतून घालायची का?"

नोकरी गेलीच होती गं! मी आतूनच म्हणाले, "आधी चादर समजून घ्या." चाळीस पेनं वहीवर सरसरल्याचं ऐकू आलं. साहेबांनी तर टाळ्याच वाजवल्या.

आता मी तिन्ही देशांची प्रशिक्षणप्रमुख आहे. भावोजींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. : गुरुवारी तिन्ही देशांचे साहेब माझी पद्धत बघायला येताहेत. तू इलॅस्टिकच्या चादरीची घडी घालतानाचा व्हिडिओ बुधवारपर्यंत पाठव. चेहरा नको, फक्त हात. आपले हात सारखेच आहेत, तोच व्हिडिओ मी माझा म्हणून पडद्यावर लावीन.

ता. ता. क. : व्हिडिओ काढताना मनगटावरचं माझं घड्याळ काढून ठेव. ते तुझ्याकडे नाही, हे तू तीनदा शपथेवर सांगितलंयस. तरी काढ.