नाव पुकारलं तेव्हा

विहीणबाईंस मनुबाईचा नमस्कार.

प्राप्तीच्या नाकातला चिंचोका निघाला, हे प्रणालीने तुम्हाला फोनवर सांगितलंच. नात आता अंगणात हुंदडतेय, माझ्या फोडलेल्या चिंचांत परत हात घालतेय. गुलाम हाय नुसती.

तुमची लेक लग्न होऊन आली तेव्हापासून मला 'अहो'च म्हणते. पनवेलसारख्या शहरातली हाय, आमच्या गावात बुजत असेल. पण दवाखान्यात तातडीच्या खोलीबाहेर बसून बसून प्राप्ती रडून झोपली, तेव्हा प्रणालीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "आई, कुठे जाऊ नका," म्हणाली आणि तिचाही डोळा लागला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

तेवढ्यात नर्सने प्राप्तीचं नाव पुकारलं. मी ऐकलं, विहीणबाई, पण हललेच न्हाय. दुसरं पोर आत गेलं. आपला नंबर परत येईपर्यंत दुपार कलली, चिंचोका फुगला आणि काढताना रक्त आलं.

प्रणाली दवाखान्याला शिव्या देते, तुम्हीही देता, मी मान हलवते. त्या शिव्या माझ्या हायेत. पण तुम्हाला कळवलं तर तिलाही कळेल, म्हणून हे पत्र उशाखालीच ऱ्हाणार.

आज तिने चुलीपासून 'आई' म्हणून हाक मारली. त्या हाकेला मात्र मी लगेच उठले.

तुमच्यासमोर बसायची लाज वाटणारी,
मनुबाई